‘पाकीजा’ची तबकडी

सिकंदराबाद,
२५ फेब्रुवारी २०२४

चि. सई हिस,


५ तारखेला सकाळी तुझा निरोप आला तेव्हा मी देवपूजेला बसले होते. उठून चष्मा लावून वाचला. तीनच ओळी होत्या. सिझाला ग्रॅमी दिलं नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं, मी पुन्हा कधी बघणार नाही. मी तुला नुसता एक अंगठा पाठवला आणि नंतर दिवसभर मनाला लागून राहिलं की पोरगी एवढी दुखावली आहे आणि आपण अंगठा काय पाठवतो! म्हणून हे पत्र. उशीर झाला तो एवढ्याचसाठी, की आधी सिझाची ती ‘एसओएस’ तबकडी पूर्ण ऐकायची असं मी ठरवलं होतं. तेवीस गाणी आहेत गं त्यात. दुपारी गच्चीवरच्या खोलीत बसून, कानात ते बोंडूक घालून दोनदा ऐकली. पहिल्या वेळी शब्द समजावेत म्हणून धडपडले आणि काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळी शब्द सोडून दिले, नुसता गळा ऐकला. ती मुलगी सुरावर येते कशी, तर दारात उभं राहून आत येऊ की नको असं करत, आणि एकदा आली की सगळं घर तिचंच. हे मला कळलं. मग न्यायाला धरून, जिंकलेला टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ही ऐकला. तो नीटनेटका आहे, एकही सांधा उघडा नाही. पण पुन्हा ऐकावासा वाटला तो तुझा. तेव्हा निकालाबद्दल मी तुझ्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ हे तुझं वाक्य मला मान्य नाही. लबाडी असती तर सोपं होतं. लबाडी पकडता येते. मी पन्नास वर्षं या पुरस्कारांकडे बघत आले, त्यात मला लबाडीपेक्षा वेगळंच काही दिसलं आणि ते तुला सांगायला हवं असं वाटतं.

याच मंगळवारी रेडिओवर बिनाका गीतमाला सादर करणारे अमीन सयानी गेले. तू नाव ऐकलं असशील. आमच्या घरी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लागायचा तेव्हा तुझे पणजोबा, म्हणजे आमचे अण्णा, जेवणाचं ताट पुढ्यात असलं तरी हात थांबवायचे. बिनाका गीतमालेत शंकर-जयकिशनचं गाणं वर चढलं की अण्णांची छाती फुगायची. कारण यातला शंकर आपल्या हैदराबादचा! लहानपण इथे गेलेला, तेलुगू येणारा. ‘श्री ४२०’मधलं ‘रामैया वस्तावैया’ कुठून आलं असं तुला वाटतं? मुंबईच्या सिनेमात हे तेलुगू शब्द आले ते शंकरच्या तोंडून. आम्ही घरात मराठी, बाजारात दखनी, ऑफिसात तेलुगू-इंग्रजी बोलणारी माणसं. आमच्यातलाच एक जण सगळ्या देशाला नाचवतो आहे, याचं अण्णांना केवढं अप्रूप! मोंडा मार्केटात भाजी घेतानासुद्धा ते भाजीवाल्याला सांगायचे, ‘शंकर अपना हैदराबादी है.’

तर अण्णांच्या शंकरला आणि जयकिशनला मिळून ‘फिल्मफेअर’चे नऊ पुरस्कार मिळाले. नऊ! ‘चोरी चोरी’ला १९५७ साली पहिला, ‘बेईमान’ला १९७३ साली शेवटचा. या नऊंची यादी अण्णांना तोंडपाठ होती, आणि त्यामुळे मलाही. पुढे माझे कान जरा तयार झाले तेव्हा मी त्याच यादीकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. म्हणजे, त्या त्या वर्षी कोण मागे राहिलं ते पाहिलं. १९६१ साली ‘दिल अपना और प्रीत पराई’ला मिळाला, तेव्हा समोर नौशादांचा ‘मुगल-ए-आझम’ होता. १९६७ साली ‘सूरज’ला मिळाला, तेव्हा समोर सचिनदेव बर्मनांचा ‘गाइड’ होता. त्या वर्षी ‘गाइड’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, दिग्दर्शक, नट, नटी सगळे त्याचे, संगीत तेवढं नाही. आणि १९७३ साली ‘बेईमान’समोर होता ‘पाकीजा’.

सई, माझं शंकर-जयकिशनवर प्रेम आहे. आजही आहे. ‘दिल अपना’ची गाणी मी भांडी घासताना गुणगुणते. पण ही तीन वर्षं मला आजही बोचतात, कारण ज्या माणसावर आपण जीव टाकतो तो जिंकला की आपले कान बंद होतात. १९७३ साली मी तेवीस वर्षांची होते, रेल निलयममध्ये कारकून म्हणून लागून दोन वर्षं झाली होती, आणि निकाल कळला तेव्हा आम्ही दोघांनी, अण्णांनी आणि मी, स्टेशनसमोरच्या आल्फा हॉटेलात बसून उस्मानिया बिस्किटं खाऊन तो साजरा केला. ‘पाकीजा’ मी पाहिला होता. त्यातली गाणी मला आवडलीही होती. तरी मला वाईट वाटलं नाही. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे.

आता त्या आधीची एक गोष्ट. १९५४ साली ‘फिल्मफेअर’ पुरस्कार सुरू झाले तेव्हा ते होते अवघे पाच. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीत दिग्दर्शक. संगीताला पहिल्याच पंगतीत पान मिळालं होतं, हे लक्षात घे. पहिला मान ‘बैजू बावरा’साठी नौशादांना. पण गाणाऱ्याला पान नव्हतं आणि गाणं लिहिणाऱ्यालाही नव्हतं. ‘चोरी चोरी’ला पुरस्कार जाहीर झाला तेव्हा जयकिशन लताबाईंकडे गेले, समारंभात ‘रसिक बलमा’ गाशील का विचारायला. लताबाईंनी पुढे मुलाखतींत ही हकिकत सांगितली आहे. त्या नाही म्हणाल्या. पुरस्कार संगीतकाराचा आहे, गायिकेचा नाही आणि गीतकाराचाही नाही, तर गाणं शब्दांवाचून आणि गळ्यावाचून वाजवून घ्या, असा त्यांचा मुद्दा. दोन वर्षांनी, १९५९ साली, दोन्ही पानं वाढली गेली. ‘मधुमती’साठी लताबाईंना आणि ‘यहूदी’साठी शैलेंद्रना. त्यानंतरही कितीतरी वर्षं बाई आणि पुरुष मिळून गायनाचा एकच पुरस्कार होता. तो वेगळा झाला १९६८ साली, आणि गायिकांतला पहिला आशाबाईंना मिळाला. लताबाईंनी १९७० साली यापुढे माझा विचार करू नका, नव्या मुलींना द्या, म्हणून सांगून टाकलं. आशाबाईंनीही सात मिळाल्यावर १९७९ साली तेच केलं.

तू विचारशील, याचा सिझाशी काय संबंध? संबंध असा की कोण थोर हे ठरवण्याच्या कितीतरी आधी कप्पे ठरलेले असतात. ज्या गोष्टीला कप्पाच नाही तिला कोणी हरवतही नाही. ती नुसती दिसत नाही. १९५४ ते ५८ या पाच वर्षांत लताबाई गात नव्हत्या का? तेच ग्रॅमीचं. ते १९५९ पासून आहे, पण आपल्यासारख्या जगभरच्या संगीताला तिथे स्वतंत्र कप्पा मिळाला १९९२ साली. आफ्रिका, आयर्लंड, ब्राझील, आपण, सगळ्यांना मिळून एक. यंदा ‘शक्ती’ या बँडला ‘धिस मोमेंट’साठी मिळाला तो त्याच कप्प्यातला, आता त्याचं नाव बदललं आहे एवढंच. शंकर महादेवन स्टेजवर आले तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास असं तुझी आई म्हणाली. मीही वाजवल्या. झाकीर हुसेनना तर एका रात्रीत तीन! पण ‘शक्ती’च्या जुन्या तीन तबकड्या १९७६-७७च्या आहेत. एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम, झाकीरचा तबला आणि जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार. चौघंही ऐन उमेदीत. तो आवेग काही और होता. त्या तबकड्यांसाठी कप्पाच नव्हता. सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा स्टुडिओत जाऊन केलेल्या तबकडीला मान मिळाला. मला यंदाची आवडली, पण मान कुणाला मिळायला हवा होता म्हणशील तर मी त्या जुन्यांचं नाव घेईन.

कप्प्यानंतर येते ओळख. आपल्याकडे ग्रॅमी आलं कसं ते पाहा. रविशंकरांना १९६८ साली, यहुदी मेन्युइनबरोबरच्या तबकडीला. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली, राय कूडरबरोबरच्या तबकडीला. झाकीरना पहिलं मिकी हार्टबरोबर. ‘शक्ती’त मॅक्लॉफ्लिन, आणि यंदा राकेश चौरसिया-झाकीरना बेला फ्लेक आणि एडगर मायरबरोबर. शेजारी ओळखीचा माणूस उभा असला की दार उघडतं. याला अपवाद आहेत. २००२ साली रविशंकरांना मिळालं ते त्यांच्या स्वतःच्या कार्नेगी हॉलच्या मैफलीला. आणि भट्ट-कूडरची तबकडी तर मी कुणाशीही भांडून सांगेन की खरोखर त्या मानाची आहे. दोघं थोडाच वेळ आधी पहिल्यांदा भेटलेले, एका चर्चमध्ये बसून एका बैठकीत वाजवलेलं. रात्री झोपण्यापूर्वी ऐकून बघ, मोहनवीणेची मींड कुठे संपते आणि अमेरिकन गिटारची घसरण कुठे सुरू होते, कळत नाही. म्हणून मी पुरस्कार नेहमी चुकतात असं म्हणणार नाही. तो बरोबर ठरतो तेव्हा फार मोठं काम होतं. मोहनवीणा हे नाव त्या एका तबकडीने जगभर नेलं.

पण आमच्या आशाबाईंचं काय? साठीच्या वर वय असताना त्या कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांसमोर शिष्या म्हणून बसल्या आणि अकरा जुन्या बंदिशी गायल्या. ‘लेगसी’ हे त्या तबकडीचं नाव. १९९७ साली तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षं सिनेमात मुरक्या, लाडिक हुंकार, सुस्कारे, सगळं दिलं होतं, तिने ते सगळं काढून ठेवलं आणि विद्यार्थिनीसारखी सरळ आवाज लावून गायली. मला ते फार हलवून गेलं. त्या वर्षी पुरस्कार गेला आयर्लंडच्या चीफटन्सकडे. त्यांचंही काम उत्तम असतं, पण मला सांग, आयरिश बासरी आणि मैहर घराण्याची बंदिश एका तराजूत घालून तोलायची कशी? तोलणारा त्या दोन्हींतलं किती जाणतो? पुन्हा २००६ साली आशाबाईंना नामांकन मिळालं, क्रोनॉस क्वार्टेटबरोबर आर. डी. बर्मनची गाणी नव्याने गायल्याबद्दल. तेव्हा शेजारी ओळखीची माणसं होती, तरी मिळालं नाही.

त्या आर. डी.चंच घे. त्याला ‘फिल्मफेअर’ मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं, ‘सनम तेरी कसम’साठी. ‘अमर प्रेम’, ‘आँधी’ सगळं त्याच्या आधीचं. आणि मदन मोहनला तर ते कधीच मिळालं नाही. गझल म्हटली की आज ज्याच्या चाली पहिल्या आठवतात तो माणूस!

आता मी तुला जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. म्हणजे तुला कळेल की मी ‘आधीच ठरलेलं नसतं’ असं ठामपणे का म्हणते.

बरीच वर्षं झाली. इथल्या एका मंडळाच्या गणेशोत्सवात सुगम गायनाची स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आम्ही तिघं बसलो होतो. प्रत्येकाला एक एक छापील कागद. चार रकाने: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण. प्रत्येकाला दहा गुण. अठ्ठावीस स्पर्धक, संध्याकाळी सहाला सुरू झालं ते साडेनऊपर्यंत चाललं. पंधराव्या गाण्यानंतर कान कसे होतात ते परीक्षक झाल्याशिवाय कळत नाही. हातात गरम चहाचा पेला धरून ठेवला की थोड्या वेळाने चटका जाणवेनासा होतो ना, तसं. चोविसावी एक मुलगी आली, चौदा-पंधराची. पेटीवाल्या काकांनी तिची पट्टी विचारली. ती म्हणाली, पेटी नको. नुसत्या तानपुऱ्यावर तिने एक अभंग म्हटला. डोळे मिटलेले, हात मांडीवर, प्रेक्षकांकडे एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या कडव्यापाशी ती थांबली. विसरली म्हणून नाही. तिथे थांबायचं होतं म्हणून थांबली. त्या थांबण्यात मांडवातला पंख्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. माझे थकलेले कान एकदम जागे झाले. मी तिला चाळीसपैकी सदतीस दिले. माझ्या शेजारच्यांनी छत्तीस. तिसऱ्यांनी चोवीस, कारण सादरीकरणात त्यांना काही दिसलंच नाही, आणि पेटी नाकारली हे त्यांना उद्धटपणाचं वाटलं. बेरीज सत्त्याण्णव.

एका मुलाने सिनेमातलं गाणं छान म्हटलं होतं. हसतमुख, तालात पक्का, शब्द स्वच्छ. त्याला तेहेतीस, तेहेतीस आणि बत्तीस. बेरीज अठ्ठ्याण्णव. पहिला तो.

आम्हा तिघांपैकी एकाचाही तो पहिला नव्हता, सई. माझ्या कागदावर तो चौथा होता. कुणी लबाडी केली नाही, कुणाचा वशिला नव्हता, बेरीज तीनदा तपासली. तिसऱ्या परीक्षकांनीही मनापासूनच दिले होते. तरी जो कुणालाच खटकत नव्हता तो वर आला आणि जिने दोघांना हलवलं होतं ती खाली गेली. इथे तिघंच होतो. ग्रॅमीला मत देणारे दहा हजारांच्या वर आहेत. एवढ्या माणसांना हलवणारी तबकडी निघणं किती कठीण आणि एवढ्यांना न खटकणारी निघणं किती सोपं, याचा विचार कर. त्यात आधी तबकडी पाठवणाऱ्याने अर्ज करायचा, ती ठरलेल्या तारखांमध्ये निघालेली हवी. यंदा १ ऑक्टोबर २०२२ ते १५ सप्टेंबर २०२३. मत देणाऱ्याने सगळं ऐकून मग ठरवायचं. एवढं सगळं ऐकायला वेळ कुणाकडे आहे? माणूस काय करतो, जे आधी ऐकलेलं आहे, ज्याचं नाव ओळखीचं आहे, त्यापुढे खूण करतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण तुझी सिझा त्यातच मागे राहते. त्याच रात्री जे-झी स्टेजवर उभं राहून म्हणाला ना, की जिच्याकडे सगळ्यांत जास्त ग्रॅमी आहेत त्या बियॉन्सेला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट तबकडीचं तोवर एकदाही मिळालेलं नव्हतं, हा हिशोब जुळत नाही? तुझ्या आईने मला तो तुकडा दाखवला. बायकोसाठी बोलला म्हणून लोक हसले असतील. मला तो बोलला हे आवडलं.

कारण मी बोलले नाही. त्या रात्री निकालाचा कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा मला म्हणता आलं असतं की बेरीज बरोबर आहे पण निकाल चुकला आहे, आपण तिघं पुन्हा बोलू या. मंडळाची माणसं समोर खोळंबलेली, प्रसादाचं सामान मांडलेलं, साडेनऊ उलटून गेलेले. मी सही केली. त्या मुलीने सहभागाचं प्रमाणपत्र घेतलं, नमस्कार केला आणि आईचा हात धरून बाहेर पडली. ती पुढे गायली का, मला ठाऊक नाही. तिचा तो अभंग मला अजून ऐकू येतो, विशेषतः ते थांबणं.

त्यानंतर मी परीक्षक म्हणून कुठेही गेले नाही. आणि त्यानंतरच मला प्राण या माणसाचं मोल कळलं.

१९७३ सालचीच गोष्ट. ‘बेईमान’ला त्या रात्री सात पुरस्कार मिळाले. चित्रपट, दिग्दर्शक, नट, गायक, गीतकार, संगीत, आणि सहायक नट म्हणून प्राण. ‘पाकीजा’ला एकच, कलादिग्दर्शनाचा, आपल्या एन. बी. कुलकर्णींना. मीनाकुमारीलाही नाही. ती सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आत गेली होती. आणि संगीतकार गुलाम मोहम्मद तर त्याच्याही आधी, १९६८ साली गेलेले. बिकानेरचा ढोलकवाला माणूस, बरीच वर्षं नौशादांचा साहाय्यक म्हणून मागे उभा राहिलेला. ‘पाकीजा’ बनायला पंधरा-सोळा वर्षं लागली. तोवर याने चाली बांधल्या, ध्वनिमुद्रण केलं आणि पडद्यावर काही पाहायच्या आत डोळे मिटले. उरलेलं काम नौशादांनी पुरं केलं.

प्राणनी आपला पुरस्कार घेतला नाही. संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता, तो त्यांना मिळाला नाही, म्हणून मी माझा घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्या चित्रपटाने त्यांना पुरस्कार दिला तोच चित्रपट संगीताचा पुरस्कार घेऊन गेला होता. म्हणजे स्वतःच्या पंक्तीतल्या माणसांना वाईट वाटेल, निर्माता नाराज होईल, हे सगळं होतंच. आणि ज्याच्यासाठी बोलायचं तो जिवंत नाही, उपकार फेडायला येणार नाही. पडद्यावर आम्ही ज्याला बघून घाबरायचो त्या माणसाने हे केलं. अण्णांना तेव्हा राग आला होता. ‘याचा काय संबंध गाण्याशी,’ म्हणाले. मीही मान डोलावली. आज अण्णा असते तर मी त्यांच्याशी भांडले असते.

यावर तू म्हणशील की मग ऐकायचं कुणाचं? मला वाटतं, काळाचं तेवढं खरं. आणि तोही आपोआप न्याय करत नाही. माणसं ऐकत राहिली तरच करतो. १९७७ साली एचएमव्हीने ‘पाकीजा रंग-ब-रंग’ नावाची वेगळी तबकडी काढली. गुलाम मोहम्मदांनी केलेली पण सिनेमात न आलेली गाणी त्यात आहेत. कुणीतरी आठवण ठेवली म्हणून ती निघाली. ती आठवण ठेवणाऱ्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करते.

इथलंच सांगते. विठ्ठल राव नावाचे गझल गायक आपल्या हैदराबादेत होते. लहानपणी निजामाचे धाकटे शाहजादे मोअज्जम जाह यांच्या दरबारात गायलेले. २०१५ साली गेले. मी त्यांना जवळून दोनदा ऐकलं, गादीवर, माइक असून नसल्यासारखा. शेर म्हणताना ते शब्दाला असं काही वळवायचे की समोर बसलेला म्हातारा उर्दूवाला ‘हाय’ म्हणून हात कपाळाला लावायचा. त्यांच्याकडे टोरोंटोत वाढलेली एक मुलगी शिकायला आली, किरण अहलुवालिया. नोकरी सोडून आली होती. पुढे कॅनडातला सगळ्यांत मोठा संगीत पुरस्कार, जूनो, तिला २००४ साली मिळाला आणि पुन्हा २०१२ साली. मला त्या बातमीचा फार आनंद झाला होता, आणि बरोबर एक टोचणीही. जो गळा तिथल्या परीक्षकांनी टोरोंटोत ओळखला त्याचं मूळ आपल्या गल्लीत दहा रुपये रिक्षाने जाऊन ऐकता येत होतं, आणि खुर्च्या रिकाम्या असायच्या. मी स्वतः दोनदाच गेले.

म्हणून तुझा राग मला वाया घालवायचा नाही. तू म्हणालीस ना, पुन्हा बघणार नाही? बघू नकोस हवं तर. पण ‘एसओएस’ का मोठी, ते एकदा नीट लिहून काढ. गाणं गाणं करून, कुठल्या क्षणी तिचा आवाज काय करतो ते. माझ्यासाठी लिही. मराठीत लिही, मला तुमचं ते इंग्रजी कौतुक कळत नाही. त्या रात्री मी तिघांत असं काही बोलले असते, की पोरीने दुसऱ्या कडव्यापाशी काय केलं ते तुम्ही ऐकलंत का, तर तिसऱ्या परीक्षकांनी कदाचित ऐकलं नव्हतंच असं निघालं असतं. ते वाईट गृहस्थ नव्हते.

सोबत एक पार्सल पाठवते आहे, तुझा काका पुण्याला येतो आहे त्याच्या हाती. ‘पाकीजा’ची तबकडी आहे, माझ्या पगारातून जेम्स स्ट्रीटवरच्या दुकानातून घेतलेली. त्या निकालाच्या आधी घेतली होती, हे मला आता आठवून बरं वाटतं. तुमच्याकडे ते नवं रेकॉर्ड प्लेअर आणलं आहे म्हणालीस, त्यावर लाव. धरताना कडेला धर, बोटं मधे लावू नकोस. आधी मऊ सुती फडक्याने गोल गोल पूस, आरपार पुसायचं नाही. सुई अलगद ठेव. एका जागी टिक टिक येईल, तो ओरखडा तुझ्या बाबाने लहानपणी पाडलेला आहे, त्याला काही बोलू नकोस. लताबाईंकडे कान जाईलच, पण पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा ऐकताना तबल्याकडे लक्ष दे. चाल बांधणारा मूळचा ठेकेवाला होता हे तिथे कळतं. मुजऱ्याचं गाणं असूनही ठेका कुठेही नाचत सुटत नाही, पाऊल दाबून चालतो.

आणि सिनेमाही बघ, कधीतरी. त्यात आगगाडीची शिटी फार आहे. आमच्या घरामागे रूळ आहेत तुला ठाऊक आहेच. आताही हे लिहिताना काझीपेटकडची एक गाडी गेली.

कागद संपला. लिहून झालं की पाठव.

तुझी,
आत्याआजी